संत जीन जुगान : वृद्धांना घर देणारी, स्वतःच्याच घरात विसरली गेलेली



दर वर्षी ३० ऑगस्टला ख्रिस्तसभा संत जीन जुगान हिचे स्मरण करते. आपल्यापैकी अनेकांना हे नाव नवीन असेल. पण पुण्याच्या कॅम्प भागात, प्रिन्स ऑफ वेल्स ड्राइव्हवर, लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या धर्मभगिनी गरीब वृद्धांसाठी आश्रम चालवतात, हे काही जणांना नक्की ठाऊक असेल. लोणी काळभोरहून सोलापूर रस्त्याने निघून हडपसर ओलांडले की तेथे पोचायला फार वेळ लागत नाही. या धर्मभगिनींचा संघ ज्या स्त्रीने सुरू केला तीच ही जीन जुगान.

तिचे चरित्र आज सांगण्यास एक कारण आहे. म्हाताऱ्या माणसाला छप्पर, जेवण आणि औषध मिळाले की आपली जबाबदारी संपली, असे आपल्याला वाटते. पण माणसांनी भरलेल्या घरातही माणूस एकटा पडू शकतो. जीनने आयुष्यभर दुसऱ्यांचा हा एकटेपणा घालवला, आणि शेवटची २७ वर्षे तो स्वतः भोगला.

कोळ्याची मुलगी

जीनचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, कान्काल या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील योसेफ जुगान मासेमारी करीत. आई मारी. घर मातीच्या जमिनीचे, अगदी लहान. आठ मुलांपैकी चार लहानपणीच दगावली. जीन चार वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा वडील समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत.

तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. चर्चेस बंद झाली होती, धर्मगुरूंना लपून राहावे लागे. त्या दिवसांत गावातल्या भाविक बायका घराघरांत गुपचूप मुलांना प्रार्थना आणि धर्मशिक्षण देत. जीनने श्रद्धेचे पहिले धडे असेच गिरवले. आई दुसऱ्यांच्या शेतात राबत असे. जीन गुरे राखायची, आणि गुरे चरत असताना हातात विणकाम असायचे. शाळेचा योग तिला फारसा आला नाही.

१५-१६ वर्षांची झाल्यावर ती जवळच्या एका सरदार घराण्यात स्वयंपाकघरात कामाला लागली. घरची मालकीण मोठी दयाळू होती. ती गरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या घरी जाताना जीनला बरोबर नेई. गरिबाच्या घरात पाऊल टाकताना त्याचा मान कसा राखावा, देताना त्याला खाली मान घालायला कसे लावू नये, हे जीन तेथे शिकली.

एका खलाशाने तिला लग्नाची मागणी घातली. तिने नम्रपणे नकार दिला. काही वर्षांनी त्याने पुन्हा विचारले, तेव्हाही तिचे उत्तर तेच होते. देवाने आपल्याला कशासाठी तरी राखून ठेवले आहे असे तिला वाटत होते. कशासाठी, ते मात्र तिलाही माहीत नव्हते. ते कळायला ती सत्तेचाळीस वर्षांची व्हावी लागली.

मोलकरणीची वर्षे

१८१७ साली, २५ वर्षांची असताना, जीन घर सोडून सेंट-सर्वां या गावी गेली आणि तेथील रुग्णालयात आजाऱ्यांची सेवा करू लागली. सहा वर्षे तिने हे काम केले. शेवटी शरीर थकले आणि तिला ते सोडावे लागले.

पुढे लकोक नावाच्या एका प्रौढ अविवाहित बाईंनी तिला आपल्या घरी कामाला ठेवले. नावाला मालकीण आणि नोकर, पण दोघी बहिणींसारख्या राहिल्या. रोज एकत्र प्रार्थना करायच्या, मिस्सेला जायच्या, गल्लीतल्या मुलांना धर्मशिक्षण द्यायच्या आणि गरिबांची विचारपूस करायच्या. १२ वर्षांनी, १८३५ साली लकोकबाई वारल्या. जीन पुन्हा एकटी झाली आणि दिवसभर लोकांच्या घरी मिळेल ते काम करू लागली.

१८३७ च्या सुमारास तिने फ्रान्स्वाज ओबेर या सत्तरी ओलांडलेल्या बाईंबरोबर दोन खोल्या आणि वरचा माळा भाड्याने घेतला. व्हर्जिनी नावाची १७ वर्षांची एक अनाथ मुलगीही त्यांच्यात येऊन राहिली. एक म्हातारी, एक प्रौढ मोलकरीण आणि एक पोरकी मुलगी. रक्ताचे नाते कुणाचेच नव्हते. तरी तिघींची एक चूल झाली, एक प्रार्थना झाली. पुढे जगभर जे घडले त्याचे बीज या तीन पिढ्यांच्या लहानशा घरात होते.

एक पलंग

सेंट-सर्वां हे खलाशांचे गाव. समुद्राने नवरे नेले, मुलगे नेले, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या बायका रस्त्यावर भीक मागत. त्यांना आश्रय देईल अशी जागा गावात नव्हती.

१८३९ च्या हिवाळ्यात जीनला आन शोव्हां या विधवा आजीबद्दल कळले. आजी आंधळी होती आणि तिचे अर्धे अंग लुळे पडले होते. तिची काळजी घेणारी बहीण आजारी पडली होती आणि आता तिला पाहणारे कोणी उरले नव्हते. जीन स्वतः काही श्रीमंत नव्हती. रोज कमवावे आणि रोज खावे अशी तिची परिस्थिती. तरी तिने आजीला उचलून घरी आणले, अरुंद जिन्यावरून वर नेले, स्वतःच्या पलंगावर निजवले आणि आपण माळ्यावर झोपू लागली.

थोड्याच दिवसांत दुसरी आजी आली. हिचे नाव इझाबेल. तिने आयुष्यभर एका घरी चाकरी केली होती. मालक कंगाल झाल्यावर तिने पगाराविना त्यांची सेवा केली, आपली साठवलेली पुंजीही त्यांच्यावर खर्च केली, आणि ते वारल्यावर तिच्यासाठी भीक मागणारेही कोणी राहिले नाही. घरकाम करणाऱ्या बाईचे म्हातारपण कसे असते हे जीनला वेगळे सांगावे लागत नव्हते. उद्या आपलीही हीच गत होऊ शकते, हे ती जाणून होती.

बंधु-भगिनींनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जीनने संस्था काढायची असे ठरवून सुरुवात केली नाही. जागेचा आराखडा नव्हता, निधी नव्हता, समिती नव्हती. तिने एका आजीला आपला पलंग दिला एवढेच. घरात येणारी प्रत्येक व्यक्ती नावानिशी आली आणि घरातली झाली.

व्हर्जिनीची मैत्रीण मारी जामे आणि आणखी काही तरुण मुली मदतीला येऊ लागल्या. १८४१ साली १२ आजींसाठी मोठी जागा भाड्याने घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी तीही अपुरी पडली, म्हणून गावातील एक जुना मठ विकत घेण्यात आला. २९ मे १८४२ रोजी या मैत्रिणींनी आपला लहानसा संघ स्थापन केला आणि जीनला प्रमुख निवडले. तेथील ल पायर हे तरुण धर्मगुरू त्यांचे मार्गदर्शक होते.

टोपली आणि काठी

घर वाढले तसा खर्च वाढला. आजीबायका पूर्वीच्या सवयीने सकाळी भीक मागायला बाहेर पडत. थंडी-पावसात त्यांचे हाल होत आणि काहींना मिळालेले पैसे दारूत घालवण्याचा मोह होई. तेव्हा जीनने एक निर्णय घेतला. तिने प्रत्येक आजीला विचारले की तुम्हाला कोणकोणत्या घरी भीक मिळते. ती घरे लक्षात ठेवून ती स्वतः टोपली घेऊन निघाली. आजी आता येणार नाहीत, त्यांच्या वतीने मी आले आहे, असे ती दारात सांगू लागली.

कष्टाचे खाणाऱ्या बाईला हे सोपे नव्हते. हात पसरताना तिला फार लाज वाटे. काही दारे तोंडावर बंद झाली. एका माणसाने तर तिच्या थोबाडीत मारली, अशी आठवण सांगतात. तिने शांतपणे त्याला सांगितले की ही माझ्या वाट्याची झाली, आता माझ्या म्हाताऱ्यांसाठी काहीतरी द्या. शिळी भाकरी, उरलेले रस्सा-मटण, जुनी चादर, लोकर, चार नाणी, जे मिळेल ते ती आभार मानून घेई.

या भिक्षेने घरात अन्न आले, हे तर खरेच. पण आणखीही एक गोष्ट घडली. गावाला त्या घराची ओळख झाली. ज्या गृहिणीने सकाळी टोपलीत पाव टाकला तिला वाटू लागले की त्या घरात आपलेही काही आहे. एखादी स्वतः चौकशीला येई, एखादी हाताशी उभी राहून कामे करी. ज्या म्हाताऱ्यांना गावाने रस्त्याच्या कडेला टाकले होते, त्यांच्या दारात गाव पुन्हा येऊ लागले. घराला भिंती होत्या, पण दार बंद नव्हते.

घराच्या आतही जीनची एक रीत होती. ज्यांचे हात चालत त्या आजींना ती सूत काढणे, लोकर पिंजणे अशी कामे देई. त्यातून दोन पैसे येत, पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आपण अजून कोणाच्या उपयोगी पडतो ही जाणीव. माणूस म्हातारा झाला की आपण प्रेमापोटी त्याच्या हातातले प्रत्येक काम काढून घेतो. मग तो दिवसभर भिंतीकडे पाहत बसतो, आणि हे काही बोलत का नाहीत म्हणून आपणच तक्रार करतो. जीनने ही चूक केली नाही.

तिने पुरुषांनाही आसरा दिला. ७२ वर्षांचा एक जुना खलाशी एका ओलसर तळघरात गवतावर निजत होता, उशाला लाकडाचा तुकडा. जीनने त्याला बाहेर काढले, धुतलेले कपडे दिले आणि घरी आणले.

गावातील प्रतिष्ठित मंडळींनी हे सर्व लिहून पॅरिसच्या फ्रेंच अकादमीकडे पाठवले. ११ डिसेंबर १८४५ रोजी अकादमीने जीनला सदाचाराबद्दलचा मानाचा पुरस्कार आणि ३,००० फ्रँक दिले. ती रक्कम अर्थातच घरासाठी खर्च झाली. त्या समारंभातील भाषणाची छापील प्रत भिक्षा मागताना ओळखपत्रासारखी तिच्या कामी आली.

नाव पुसले गेले

पण या पुरस्काराच्या दोन वर्षे आधीच एक दुःखद गोष्ट घडली होती. डिसेंबर १८४३ मध्ये भगिनींनी जीनला पुन्हा प्रमुख निवडले. नाताळच्या दोन दिवस आधी, २३ डिसेंबरला, ल पायर यांनी ती निवड रद्द केली आणि २३ वर्षांच्या मारी जामेला प्रमुख नेमले. जीन तेव्हा ५१ वर्षांची होती. तिने वाद घातला नाही. टोपली उचलली आणि पुन्हा भिक्षेला निघाली.

पुढे जवळजवळ नऊ वर्षे ती ब्रिटनीच्या आणि आसपासच्या रस्त्यांवर पायी फिरली. रेन, तूर, आंजे अशा शहरांत संघाची नवी घरे झाली. जेथे पैशाची अडचण येई तेथे जीनला बोलावले जाई. अडचण सुटली की ती पुढच्या गावी जाई. १८५१ साली लंडनलाही घर सुरू झाले.

१८५२ साली रेनच्या बिशपांनी संघाला मान्यता दिली. त्याच वर्षी जीनला मुख्य घरी परत बोलावण्यात आले. यापुढे भिक्षेला जायचे नाही आणि दात्यांशी कोणताही संबंध ठेवायचा नाही, असा आदेश मिळाला. ती ६० वर्षांची होती. जिचे सारे काम माणसांत होते तिला माणसांपासून तोडण्यात आले. १८५६ मध्ये संघाने सेंट-पेर्न येथे मोठी इमारत घेतली आणि जीनची रवानगी तेथे झाली.

सेंट-पेर्नच्या त्या घरात शेकडो तरुण मुली धर्मभगिनी होण्याची तयारी करीत. त्यांच्यात सिस्टर मारी ऑफ द क्रॉस या नावाची, काठी टेकत चालणारी एक म्हातारी भगिनी राहत असे. ती त्यांना बारीकसारीक कामे शिकवी, त्यांच्याबरोबर प्रार्थना करी. हीच आपल्या संघाची संस्थापिका, हे बहुतेकींना ठाऊकच नव्हते. संस्थापक म्हणून ल पायर यांचे नाव सांगितले जाई, पहिल्या भगिनी म्हणून इतरांची नावे घेतली जात. जीनची गोष्ट सांगण्याची पद्धतच बदलून टाकण्यात आली होती.

तिला जेवण मिळत होते. निजायला खाट होती. आजूबाजूला माणसे होती, तीही चांगली आणि श्रद्धाळू. तरीही, ही कोण, हिने काय केले, हिने कोणाला पाठीवर घेऊन जिना चढला, हे विचारणारे जवळपास कोणी नव्हते. वृद्धाश्रमातला एकटेपणा नेमका असाच असतो. खोलीत चार खाटा असतात, जेवणाची घंटा वेळेवर होते, आणि आपण एकेकाळी शाळेत शिकवत होतो, रेल्वेत गाडी चालवत होतो किंवा सहा मुलांना वाढवले, हे जाणणारे एकही माणूस जवळ नसते.

जीनच्या मनात कडवटपणा आला नाही. एकदाच, १८६५ साली, तिचा सल्ला विचारण्यात आला. संघाने कायमस्वरूपी उत्पन्न स्वीकारावे की नाही असा प्रश्न होता. तिने स्पष्ट मत दिले की आपण लोकांच्या दानावर आणि देवाच्या कृपेवरच अवलंबून राहावे. संघाने तेच केले. आयुष्यभर दारोदार फिरलेल्या त्या बाईला माहीत होते, की घराला गावाची गरज उरली नाही तर गावही घराला विसरेल.

शेवटच्या वर्षांत तिची दृष्टी जवळजवळ गेली. ४० वर्षांपूर्वी जिला तिने आपला पलंग दिला होता त्या आंधळ्या आजीसारखीच तीही आता दुसऱ्यांच्या हाताच्या आधाराने चालत होती. २९ ऑगस्ट १८७९ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, ती शांतपणे देवाघरी गेली. त्या वेळी संघात सुमारे २,४०० भगिनी आणि १७७ घरे होती. त्यातल्या फार थोड्यांना कळले की आज आपली आई गेली.

सत्य वर आले

१८९० साली रोमने ल पायर यांना पदावरून दूर करून बोलावून घेतले. त्यांचे उरलेले आयुष्य तेथेच गेले. १८९३ मध्ये वारलेल्या मारी जामेने मृत्यूपूर्वी कबूल केले की पहिली आणि खरी संस्थापिका आपण नव्हतो, जीन होती. हळूहळू जुनी कागदपत्रे तपासली गेली, गावातल्या आठवणी गोळा झाल्या आणि पुसलेले नाव पुन्हा लिहिले गेले.

३ ऑक्टोबर १९८२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जीनला धन्य घोषित केले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संतपद दिले. मोलोकाय बेटावर कुष्ठरोग्यांत राहिलेल्या फादर डेमियन यांनाही त्याच दिवशी संतपद मिळाले. समाजाने दूर ठेवलेल्यांमध्ये जाऊन राहिलेली दोन माणसे एकाच दिवशी वेदीवर आली.

हे सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जीनने अन्याय निमूटपणे सोसला म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनीही एकटेपणा निमूट सोसावा, असा या चरित्राचा अर्थ नाही. तिच्यावर झाला तो अन्यायच होता आणि ख्रिस्तसभेने उशिरा का होईना, तो दुरुस्त केला. तिची सहनशीलता तिची होती. आपल्याला घ्यायचा धडा वेगळा आहे. आपल्या घरात, आपल्या शेजारी, एखाद्या आश्रमात अशी कोण व्यक्ती आहे, जिची गोष्ट आपण पुसून टाकली आहे?

कोलकात्यापासून पुण्यापर्यंत

जीनच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १८८२ मध्ये, लिटल सिस्टर्स भारतात आल्या. त्यांचे पहिले घर कोलकात्याला झाले. पुढे दक्षिणेत, मुंबईला अंधेरीत आणि आपल्या पुण्यातही घरे झाली. आज हा संघ सुमारे ३० देशांत आहे. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांबरोबर या भगिनी आतिथ्याचे चौथे व्रत घेतात. दारी आलेला वृद्ध हा पाहुणा, त्याचे स्वागत करायचे, आणि तो देवाघरी जाईपर्यंत त्याच्यापाशी बसायचे, असे हे व्रत. जात आणि धर्म विचारला जात नाही. भिक्षेची टोपलीही सुटलेली नाही.

२००७ साली आपल्या देशात आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. मुलांनी सांभाळ केला नाही तर पोटगीची मागणी करता येते. कायदा चांगला आहे. पण कायदा महिन्याचे पैसे मिळवून देऊ शकतो, रविवारी दुपारी शेजारी बसणारे माणूस मिळवून देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका व्यक्तीला एकटेपणा जाणवतो आणि त्याचा संबंध दर वर्षी ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी आहे. म्हणजे एकटेपणा हा केवळ मनाचा खेळ नाही, तो माणसाचे आयुष्य कमी करतो. २०२० च्या कोरोनाच्या दिवसांत आश्रमांची दारे भेटीसाठी बंद झाली, तेव्हा हे आपण जवळून पाहिले.

आपल्या हाती काय आहे

लोणी काळभोर आता पूर्वीचे गाव राहिलेले नाही. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, मुले नोकरीसाठी दूर गेली, कुणी परदेशी गेले. पुण्याच्या आसपास वृद्धाश्रम वाढत आहेत. कोणी आपल्या आईला किंवा वडिलांना तेथे ठेवले म्हणून त्याला दोष देण्याची घाई आपण करू नये. स्मृतिभ्रंश, पक्षाघात, घरातली अपुरी जागा, दोघांची नोकरी, अशी किती तरी खरी कारणे असतात. खुद्द संत जीनने असे घर चालवले. आईला कोठे ठेवले याहून मोठा प्रश्न हा, की तेथे ठेवल्यावर आपण किती वेळा गेलो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

आपल्या धर्मग्रामातील जी वृद्ध माणसे आश्रमात राहायला गेली आहेत, त्यांची नावे आपण विसरता कामा नये. घर सोडले म्हणून त्यांनी धर्मग्राम सोडलेला नाही. प्रत्येक विभागाने आपल्या भागातून गेलेल्यांची यादी करावी आणि ती फादरांकडे द्यावी. त्यांना कम्युनियन कोण नेते, त्यांचा वाढदिवस कोणाला माहीत आहे, हे त्यातून कळेल.

भेटीला जाताना आश्रमाला आधी फोन करून वेळ विचारावी. ५० जणांनी वर्षातून एकदा नाताळला जाऊन केक वाटून फोटो काढण्यापेक्षा, दोघांनी दर पंधरा दिवसांनी जाऊन एकाच आजोबांपाशी अर्धा तास बसणे चांगले. पुन्हा कधी येणार ते सांगावे, आणि सांगितले त्या दिवशी जावे. ज्याला कोणी येत नाही त्याच्यासाठी वाट पाहायला एक दिवस असणे ही मोठी गोष्ट असते.

जाऊन फक्त द्यायचे नाही, काही मागायचेही. जीनने आजींना सूत काढायला दिले, तसे आपण त्यांच्याकडे काही मागू या. आजीला जुने नाताळगीत मुलांना शिकवायला सांगावे. आजोबांना गावातल्या जुन्या दिवसांबद्दल विचारावे. घरातल्या आजाऱ्यासाठी रोझरी म्हणायला सांगावे आणि पुढच्या भेटीत त्या आजाऱ्याची खबर द्यावी. मुलांना बरोबर न्यावे. जीनच्या पहिल्या घरात १७ वर्षांची व्हर्जिनी होती, हे विसरू नये.

आणि जी वृद्ध माणसे आपल्याच घरात आहेत त्यांच्याकडेही एकदा पाहावे. वेगळ्या खोलीत टीव्हीसमोर ताट नेऊन देणे सोयीचे असते, पण त्यांनी शेवटचे सर्वांबरोबर बसून कधी जेवले?

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिवस म्हणून सुरू केला. येशूचे आजी-आजोबा, संत योकिम आणि संत आन, यांच्या सणाजवळचा हा रविवार. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी संत जीनचा सण येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने एका वृद्ध व्यक्तीला भेटावे आणि तिची गोष्ट पूर्ण ऐकावी. त्यासाठी पैसे लागत नाहीत, मोठी जागा लागत नाही. संत जीनकडे तरी सुरुवातीला काय होते? एक पलंग होता, तो तिने दिला. आपल्याकडे एक रविवारची दुपार आहे.

हे प्रभो येशू, वृद्धांच्या दारात तूच आमची वाट पाहत आहेस, हे आम्हांला कळू दे.

संत जीन जुगान, आम्हांसाठी विनंती कर.